पान निरोगी, तरी आत बुरशी

बुरशी म्हटली की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. द्राक्षावरचा केवडा, भेंडीवरची भुरी, कांद्यावरचा करपा यांनी इतके हंगाम खाल्लेत, की बुरशी म्हणजे रोगच हे गणित डोक्यात पक्कं बसलंय. पण परसातल्या आंब्याचं एकही डाग नसलेलं, तुकतुकीत पान तोडून त्याची प्रयोगशाळेत नीट तपासणी केली, तर त्याच्याही आत बुरशी सापडते, आणि बहुधा एकापेक्षा जास्त जातींची. झाडाला तिचा काही त्रास नसतो. पान हिरवंगार असतं, मोहोर वेळेवर येतो, फळ धरतं.

अशा बुरशीला एंडोफाइट किंवा अंतर्वासी बुरशी म्हणतात. कुरणातल्या गवतापासून खाडीकाठच्या तिवरांपर्यंत आजवर तपासलेल्या जवळपास प्रत्येक वनस्पतीत ती मिळाली आहे. त्यामुळे ‘माझ्या झाडात ती आहे का’ हा प्रश्नच उरत नाही. ती तिथे काय करते, तिचं आपण काय करायचं आणि तिच्या नावाने बाजारात जे विकलं जातं त्यावर किती विश्वास ठेवायचा, एवढेच प्रश्न कामाचे. शेतकरी, बागवाले आणि पदवीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी या तिघांनाही उपयोगी पडेल असं काही पुढे मांडतो आहे. शेवटचा मोठा भाग मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तो इतरांनीही वाचावा. बुरशी पानाच्या आत आहे हे सिद्ध कसं करतात ते कळलं, की तिच्या नावाने होणारे दावे तपासणं सोपं जातं.

आत येण्याच्या दोन वाटा

काही गवतांत ही बुरशी बियाण्यातूनच येते. आईच्या बीजातून रोपात, रोपाच्या खोडातून फुलोऱ्यात, तिथून पुन्हा बीजात. ती झाडाबाहेर पडतच नाही म्हटलं तरी चालेल. एपिक्लोई या गटातली बुरशी याचं ठळक उदाहरण. तिच्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडची झाडं, म्हणजे आंबा, काजू, साग, कडुलिंब, यांच्या पानांत मात्र बुरशी बाहेरून येते. आंब्याची तांबूस कोवळी पालवी फुटते तेव्हा ती आतून जवळपास स्वच्छ असते. मग हवेतून बीजाणू पानावर पडतात, दव किंवा पावसाच्या ओलीत रुजतात आणि पर्णरंध्रातून किंवा थेट पानाच्या सालीतून आत शिरतात. पान जसं जुनं होतं तशी आतली वस्ती वाढत जाते. त्याच फांदीवरची गर्द हिरवी, जून पानं तपासली तर तुकड्यागणिक बुरशी मिळते. ओलीचा संबंधही सरळ आहे. चेन्नईचे बुरशीशास्त्रज्ञ टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीच्या परिसरात कमी-जास्त पावसाच्या जंगलांतली पानं तपासली, तेव्हा पावसाळ्यातल्या पानांत कोरड्या हंगामापेक्षा जास्त बुरशी मिळाली. सह्याद्रीचा घाटमाथा आणि माणदेश यांच्यात काय फरक निघेल याचा अंदाज यावरून बांधता येतो, पण तो मोजून पाहिलेला बरा.

मुळांत शिरणाऱ्या बुरशीचा मामला आणखी वेगळा. मायकोरायझा सगळ्यांना माहीत आहे. तिच्याखेरीज मुळांच्या आत राहणाऱ्या इतर अनेक बुरशी आहेत. त्यातली एक तर आपल्याच थरच्या वाळवंटात, विलायती बाभूळ आणि रानबोरीच्या मुळांजवळच्या मातीत सापडली. प्रा. अजित वर्मा यांच्या गटाने तिचं वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. तिचे बीजाणू नासपतीच्या आकाराचे, म्हणून तिचं पहिलं नाव पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. आता ती सेरेंडिपिटा इंडिका म्हणून ओळखली जाते. नेहमीची मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, ही मात्र प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यावर वाढते. त्यामुळे जगभरातल्या प्रयोगशाळांनी तिला उचलून धरलं. २००५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बार्लीच्या मुळांत ती वाढवून दाखवलं, की झाड खारं पाणी आणि रोग दोन्ही जास्त चांगलं सोसतं.

ती तिथे करते काय?

याचं एकच उत्तर नाही, आणि जो एक उत्तर देतो त्याच्यापासून सावध राहावं.

पनामात कोकोच्या झाडांवर झालेला प्रयोग मला सगळ्यात पटणारा वाटतो. एलिझाबेथ अरनॉल्ड आणि सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी कोकोची रोपं अशी वाढवली की पानात बुरशी शिरणारच नाही. मग काही पानांत निरोगी झाडांतूनच वेगळी केलेली अंतर्वासी बुरशी मुद्दाम सोडली आणि सगळ्यांवर फायटोफ्थोराचा हल्ला केला. फायटोफ्थोरा म्हणजे आपल्याकडच्या सुपारी बागायतदारांना कोळे रोगामुळे पाठ असलेलं नाव. ज्या पानांत आधीच बुरशी वसलेली होती त्यांचं नुकसान स्पष्टपणे कमी झालं, आणि हा फरक जून पानांत जास्त दिसला. कारणं दोन-तीन असावीत. एक सरळ आहे: विरारच्या लोकलमध्ये सगळ्या जागा भरल्या असतील तर नंतर चढणाऱ्याला दारातच उभं राहावं लागतं. शिवाय यातल्या काही बुरशी दुसऱ्या बुरशीला रोखणारी रसायनं सोडतात, आणि काहींच्या नुसत्या असण्याने झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी राहते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोनचं. तिथल्या गरम झऱ्यांजवळच्या तापलेल्या मातीत डायकँथेलियम नावाचं गवत उगवतं. त्याच्या आत कर्व्ह्युलेरिया ही बुरशी असते. रेजिना रेडमन, रस्टी रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की मुळाशी तापमान दिवसातले काही तास ६५ अंशांवर नेलं तरी बुरशीसह वाढलेलं गवत तगतं. बुरशी काढून टाकलेलं गवत करपतं. गोष्ट इथेच संपली असती तर सोपी होती. पण २००७ मध्ये कळलं, की त्या बुरशीच्याही आत एक विषाणू आहे. विषाणू काढून टाकला तर बुरशी असूनही गवताला उष्णता सोसत नाही. विषाणू परत घातला की सोसते. तीच विषाणूवाली बुरशी टोमॅटोत सोडली तर टोमॅटोचीही उष्णता सोसण्याची ताकद वाढली. हे वाचून जळगावच्या केळीबागेसाठी असंच काही मिळेल असं कोणालाही वाटेल, पण प्रयोगशाळेतली कुंडी आणि मे महिन्यातलं रावेर यांत फार अंतर आहे.

तिसरं काम जंगलात फिरणाऱ्याला रोज दिसतं, फक्त तिकडे लक्ष जात नाही. पान गळून जमिनीवर पडलं की त्याला कुजवण्याची सुरुवात बाहेरची बुरशी येऊन करते असा आपला समज असतो. पण काही अंतर्वासी बुरशी त्या क्षणाची वाट पाहतच आत बसलेल्या असतात. पान जिवंत असताना गप्प, गळलं की कामाला. झायलेरिया या गटातल्या बुरशी लाकूड आणि पाचोळा कुजवण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्याच उष्ण प्रदेशातल्या हिरव्या पानांत वारंवार सापडतात. म्हणजे बागेतला पाचोळा किंवा उसाचं पाचट पेटवून देतो तेव्हा आपण कुजवणारे कामगारही जाळतो. पाचट आच्छादन म्हणून ठेवा हा सल्ला कृषी विभाग पूर्वीपासून देतोय. त्यामागचं हे एक कारण मात्र फारसं सांगितलं जात नाही.

फायदा कोणाचा, तोटा कोणाचा

एपिक्लोईची गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. अमेरिकेत १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ नावाचं टॉल फेस्क्यू गवत लागवडीसाठी आलं. दुष्काळ सोसणारं, किडींना दाद न देणारं, चराईत टिकणारं. पशुपालकांनी लाखो एकरांवर ते लावलं. पण त्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात धापा टाकायची, वजन धरायची नाहीत, दूध कमी द्यायची, आणि काहींच्या खुरांचा आणि शेपटीचा रक्तपुरवठा बंद पडून ते भाग सडायचे. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी या गवताच्या आतली बुरशी आणि गुरांची ही व्यथा यांचा संबंध दाखवला. ती बुरशी एर्गोव्हॅलीन नावाचं विष बनवते.

मग काय, बुरशी नसलेलं बियाणं आणलं. गुरं सुधारली आणि कुरणं मेली. दुष्काळात, किडीत, जास्त चराईत ते गवत टिकेना, कारण गवताचा चिवटपणा बऱ्याच अंशी त्या बुरशीचाच होता. अखेरीस संशोधकांनी अशा बुरशी शोधल्या ज्या गवताला आधार देतात पण गुरांना बाधणारं विष बनवत नाहीत, आणि त्या बियाण्यात घातल्या. न्यूझीलंडमध्ये रायग्रासबाबतीत हेच घडलं. तिथे मेंढ्या लडखडून पडायच्या त्यामागे बुरशीचं लोलिट्रेम बी हे रसायन होतं, आणि त्याच बुरशीचं पेरामाइन गवताला खोडकिड्यापासून वाचवत होतं. आज तिथला पशुपालक कुरणाचं बियाणं घेताना वाणाइतकंच ‘आत कोणती बुरशी आहे’ हे विचारतो. हे बियाणं गरम, दमट गोदामात पडून राहिलं तर बी उगवतं, पण आतली बुरशी मेलेली असते. चाऱ्याच्या सुधारित गवताचं परदेशी बियाणं कोणी विकायला आणलं तर हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

झाडाचं भलं करणारी बुरशी गुराचं वाईट करू शकते, आणि एकाच झाडातही तिचं वागणं बदलतं. स्टॅन्ली फ्रीमन आणि रॉड्रिग्ज यांनी १९९३ मध्ये काकडीवर्गीय पिकांवर रोग आणणाऱ्या कोलेटोट्रिकम बुरशीत फक्त एका जनुकाचा बदल घडवला आणि ती रोगकारक उरलीच नाही. झाडात मुकाट वाढू लागली, वर मूळ रोगकारक भाऊबंदापासून झाडाला वाचवूही लागली. मित्र बुरशी आणि शत्रू बुरशी अशी दोन खाती पाडून बसलो तर ही माहिती कोणत्या खात्यात लिहायची?

हापूसचा देठ

कोकणातल्या बागायतदारांना हे आंब्यावरच समजावून सांगता येतं. पेटी भरताना फळ निर्मळ असतं. पिकायला लागलं की देठाशी काळपट तपकिरी वलय दिसतं, दोन-तीन दिवसांत ते खाली उतरतं, आतला गर पाणावतो. ही देठकूज. तिला कारण ठरणाऱ्या बुरशींत लॅसिओडिप्लोडिया प्रमुख आहे. ऑस्ट्रेलियातल्या आंबा बागांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासात दिसलं, की देठकुजीच्या बुरशी फांदीत आधीपासूनच अंतर्वासी म्हणून राहतात, तिथून मोहोराच्या दांड्यात सरकतात आणि फळ वाढत असतानाच देठाच्या टोकाशी पोचतात. म्हणजे रोग पेटीत दिसला, तरी बुरशी मोहोराच्या आधीपासून घरातच होती.

मग काढणीच्या तोंडावर मारलेली फवारणी का फसते ते कळतं. औषध सालीवर बसतं, बुरशी देठाच्या आत असते. खरं काम आधी करायचं असतं. वाळलेल्या काटक्या, मेलेल्या फांद्या, झाडावरच सुकून राहिलेले मोहोराचे दांडे पावसाळ्याआधी छाटून बागेबाहेर काढा. बीजाणूंचा मोठा साठा तिथेच असतो. पाचोळा ठेवा म्हटलं, मेलेल्या फांद्या काढा म्हणतोय, यात विसंगती वाटेल. पण जमिनीवर कुजणारं पान आणि फळाच्या डोक्यावर लोंबणारी वाळकी काटकी यांच्यातला फरक बागायतदाराला वेगळा सांगायला नको. झाडाला पाण्याचा ताण जास्त बसला की आतली बुरशी आक्रमक होते, म्हणून उथळ, कातळावरच्या बागांत आच्छादनाला महत्त्व द्या. फळ देठासह उतरवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्याचसाठी आहे. देठ तुटून फळ उतरलं की चीक सालीवर ओघळतो आणि बुरशीला फळात उतरायची वाटही मोकळी होते. काढल्यावर फळ उन्हात ठेवू नका. निर्यातीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया करायची असेल तर तापमान आणि वेळ विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच पाळा, अंदाजाने नको. दोन-चार अंश जास्त झाले तर साल भाजते.

करप्याची गोष्टही याच जातीची. कोलेटोट्रिकमचा बीजाणू हिरव्या फळावर रुजतो, सालीत जेमतेम पाय रोवतो आणि थांबतो. कच्च्या आंब्याच्या सालीत रेसॉर्सिनॉल वर्गातली बुरशीरोधक द्रव्यं असतात. फळ पिकताना ती घटतात आणि थांबलेली बुरशी पुढे सरकते.

दुकानातून घेताना

जैविक उत्पादनं वाईट नाहीत, पण खरेदी मात्र डोळसपणे व्हावी. आपल्याकडे सर्वाधिक चालणारी ट्रायकोडर्मा काटेकोर अर्थाने बहुतेकदा मुळाभोवतीची बुरशी आहे; ती मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या थरापर्यंत शिरते. तिचा उपयोग मर आणि मूळकूज रोखायला होतो, आणि तो चांगला सिद्ध झालेला आहे. पाकीट घेताना पाच गोष्टी वाचा: केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बुरशीची जात, ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची संख्या (ट्रायकोडर्माला किमान २० लाख हवी), उत्पादनाची तारीख आणि मुदत. दुकानदाराने पाकिटं पत्र्याखाली, उन्हात ठेवली असतील तर तारीख कितीही ताजी असली तरी घेऊ नका. पाकिटात जिवंत वस्तू आहे, ती उन्हाने मरते.

बीजप्रक्रियेला साधारण ४ ते ५ ग्रॅम प्रति किलो बियाणं पुरतं. सावलीत हलकं चोळा, सावलीतच सुकवा, त्याच दिवशी पेरा. कार्बेन्डॅझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र चोळण्याचा प्रकार आजही सर्रास दिसतो. कार्बेन्डॅझिम बुरशी मारतं, आणि ट्रायकोडर्मा बुरशीच आहे. एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटण्यासारखा हा खर्च. जमिनीत द्यायची असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून आठ-दहा दिवस सावलीत मुरू द्या आणि वाफशावर टाका. कोरड्या मातीत ती रुजत नाही.

उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. ही बुरशी किडा मारते एवढंच आपण धरतो, पण ती मुळांतही राहते. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात मायकल बिडोच्का यांच्या गटाने अळ्यांना चिन्हांकित नायट्रोजन दिला आणि त्यांच्या व झाडाच्या मुळांच्या मधे अशी बारीक जाळी लावली की बुरशीचे धागे पार जातील पण मूळ जाणार नाही. बुरशीने अळी मारली, आणि तिच्यातला नायट्रोजन घेवड्याच्या झाडात सापडला. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड त्या बदल्यात बुरशीला साखर पुरवतं. त्यामुळे मेटारायझियम नुसतं वरून ओतण्यापेक्षा शेणखतासह मुळांजवळ, ओल असताना देणं सयुक्तिक ठरतं. आळवणी आणि बुरशीनाशक यांत अंतर ठेवा.

‘एंडोफाइट’ हा शब्द छापून सगळ्या पिकांवर, सगळ्या रोगांवर चालणारी बाटली कोणी दिली, तर नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर दोन ओळींवर टाकून, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवून पाहा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तुमच्या बांधावरची ती तुलना जास्त खरी.

विद्यार्थ्यांसाठी : पानातली बुरशी बाहेर काढायची कशी

जीवशास्त्राच्या पदवी प्रकल्पाला हा विषय उत्तम, कारण पान फुकट मिळतं आणि लागणारी साधनं बहुतेक महाविद्यालयांत असतात. फसवणूक मात्र एकाच ठिकाणी होते, ती सांगतो.

डाग, कीड, फाटलेपण नसलेली पानं घ्या. झाडावर बुरशीनाशक फवारलेलं नाही याची खात्री करा. पानं कागदी पिशवीत आणा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि पृष्ठभागावरची बुरशी फोफावते. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी काम सुरू करा.

नळाखाली धुतलं की मुख्य पायरी येते: पृष्ठभाग निर्जंतुक करायचा पण आतलं जिवंत ठेवायचं. पातळ पानाला ७० टक्के अल्कोहोलमध्ये ५ सेकंद, ४ टक्के क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ९० सेकंद आणि निर्जंतुक पाण्यात १० सेकंद, अशी पद्धत वापरली जाते. आंब्यासारख्या जाड पानाला वेळ थोडा वाढवावा लागतो. तो आधी चाचणी घेऊन ठरवा. हायपोक्लोराइटची जुनी बाटली वापरू नका, ठेवून ठेवून त्यातला क्लोरीन उडून जातो. ते संडास साफ करायच्या ॲसिडजवळही नेऊ नका, विषारी वायू सुटतो. आणि अल्कोहोलचं भांडं बर्नरपासून लांब ठेवा.

आता ती फसवणुकीची जागा. निर्जंतुक केलेलं पान तुकडे करण्याआधी एका कोऱ्या खाद्य-प्लेटवर हलकं दाबा आणि उचलून घ्या. त्या ठशावर काही उगवलं, तर तुमचं निर्जंतुकीकरण फसलेलं आहे आणि तुम्ही पानावरची धूळ मोजताय. ही ठशाची प्लेट नसलेला प्रकल्प अहवाल परीक्षकाने परत करावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्दैवाने असे अहवाल पास होतात.

मग पानाचे साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन कापा, एका प्लेटवर दहा. खाद्य म्हणून बटाटा-डेक्स्ट्रोज आगर, त्यात जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल. प्लेट बंद करून साधारण २६ अंशांना ठेवा आणि तीन ते चार आठवडे धीर धरा. पहिल्या दोन दिवसांतच प्लेटभर काळ्या-हिरव्या पिठासारखं काही उसळलं तर तो बहुधा बाहेरचा ॲस्परजिलस. खरी अंतर्वासी बुरशी सावकाश येते. पाचव्या-सहाव्या दिवशी तुकड्याच्या कापलेल्या कडेवर, बहुतेकदा शिरेजवळ, पांढरा बारीक केस उठलेला दिसतो. भिंगाखाली पाहा: पानाच्या सपाट पाठीवर काही नसतं, कडेतूनच धागे निघत असतात. ते टोक निर्जंतुक सुईने उचलून नव्या प्लेटवर ठेवा, म्हणजे एका बुरशीची शुद्ध वाढ मिळेल. शंभर तुकड्यांपैकी किती तुकड्यांतून बुरशी आली ती टक्केवारी, हाच तुमचा पहिला आकडा.

ओळख पटवताना गाडं अडतं. यातल्या अनेक बुरशी प्लेटवर बीजाणूच धरत नाहीत, पांढरा किंवा करडा कापूस तेवढा दिसतो. त्यांना डीएनएच्या आयटीएस भागावरून ओळखतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे बुरशी ओळखून घेता येते आणि जपण्यासाठी जमाही करता येते. काही बुरशी तर कोणत्याच खाद्यावर उगवत नाहीत, म्हणून ‘या पानात इतक्याच जाती आहेत’ असं वाक्य अहवालात लिहू नका.

औषध बनवणाऱ्या बुरशीच्या मागे धावण्याचा मोह अनेकांना होतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या यू झाडाच्या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडल्याची बातमी आली आणि जगभर धूम उडाली. पुढे २०१३ मध्ये त्याच बुरशीत टॅक्सॉल बनवणारी जनुकं मिळाली नाहीत. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचंही तसंच. त्यातल्या कॅम्पटोथेसिन या औषधी द्रव्यासाठी या झाडाची चोरटी तोड झाली. २००५ मध्ये जम्मूतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी नरक्याच्या आतल्या बुरशीतून ते द्रव्य मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा झाडं वाचतील अशी आशा वाटली. पण कॅम्पटोथेसिन देणाऱ्या अशा बुरशी प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की त्यांचं उत्पादन घटत जातं, असं इतर अभ्यासांत दिसलं. तीन महिन्यांच्या प्रकल्पात औषध शोधण्यापेक्षा कोवळं पान आणि जून पान, किंवा ऑगस्ट आणि मार्च, अशी साधी तुलना घ्या. उत्तर हमखास मिळतं आणि ते तुमचं स्वतःचं असतं.

अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून पान तोडायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. बुरशी परदेशी प्रयोगशाळेला पाठवायची असेल तर २००२च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांवर सोडू नये. घरच्या फ्रीजमध्ये प्लेटा ठेवू नका, वास घेऊन पाहू नका, दमेकऱ्यांनी उघड्या प्लेटजवळ बसू नये. काम संपल्यावर त्या ऑटोक्लेव्ह करूनच टाका. आणि प्रत्येक प्लेटवर झाडाचं नाव, पानाचं वय, तोडल्याची तारीख आणि ठिकाण प्लेटच्या बुडावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.